सर्वांत मोठी आज्ञा आणि उतारशाळेचा हिशेब

अभ्यासासाठी शास्त्रभाग : मार्क १२:२८-३४, लेवीय १९, लूक १०:२५-३७





या तिमाहीसाठी निवडलेला भाग आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून ठाऊक आहे. देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करायची आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. कित्येक मंडळ्यांच्या उपासनेत याचा नेमाने उच्चार होतो. पाठ असलेल्या वचनाची अडचण अशी की ते जिभेवर लगेच येते, पण कानाला ऐकू येत नाही. म्हणून या वेळी एक विनंती आहे. प्रभूने दिलेले हे उत्तर तेवढेच वेगळे काढून वाचू नका. ज्या पानांवरून त्याने ते घेतले, त्या पानांवर आपण परत जाऊ या.

मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू यरुशलेमात आहे. वधस्तंभाला थोडेच दिवस उरले आहेत. मंदिरात एकामागून एक गट येऊन त्याला पेचात पकडू पाहत आहेत. कैसराला कर द्यावा की नाही, हे विचारून झाले. सात भावांशी लग्न झालेली बाई पुनरुत्थानात कोणाची, हेही विचारून झाले. तेवढ्यात एक शास्त्री पुढे येतो आणि सर्व आज्ञांमध्ये पहिली कोणती, असे विचारतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात हा प्रश्न परीक्षा पाहण्यासाठी विचारला जातो. मार्क या माणसाकडे जास्त मोकळ्या मनाने पाहतो. येशूची उत्तरे त्याने ऐकली होती आणि ती त्याला पटली होती, म्हणून त्याने विचारले. मला हा शास्त्री आवडतो. शास्त्री आणि परूशी म्हटले की आपण लगेच नाक मुरडतो, पण हा प्रामाणिक विद्यार्थी आहे.

त्याचा प्रश्नही काही जगावेगळा नव्हता. यहूदी परंपरेने नियमशास्त्रातील आज्ञांची संख्या ६१३ मानली आहे : २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. एवढ्या आज्ञांचा गाभा कोणता, ही चर्चा त्यांच्या आचार्यांमध्ये चालतच असे. येशूच्या आधीच्या पिढीतील हिल्लेल नावाच्या गुरूची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका परक्या माणसाने त्याला सांगितले की मी एका पायावर उभा राहू शकेन तेवढ्या वेळात मला सगळे नियमशास्त्र शिकवा. हिल्लेल रागावला नाही. स्वतःला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नये, बाकी सगळे त्याचे विवरण, आता जाऊन शीक, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. म्हणून येशूचे उत्तर ऐकून शास्त्री दचकला नाही. उलट त्याने ते उचलून धरले आणि होमबलींपेक्षाही हे थोर आहे, असे स्वतःहून म्हटले. मंदिरात उभे राहून, जिथे रोज बळी अर्पण होत होते तिथे, हे म्हणायला धैर्य लागते.

एक आज्ञा विचारली होती, येशूने दोन दिल्या. पहिली अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली, दुसरी लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. दोन वेगळी पुस्तके. पण मूळ इब्रीमध्ये दोन्ही आज्ञा एकाच शब्दाने सुरू होतात : ‘वेआहव्ता’, म्हणजे ‘आणि तू प्रीती कर’. इब्री ऐकणाऱ्याच्या कानाला हा सांधा चटकन कळतो. आणखी एक गोष्ट. पहिल्या आज्ञेत अंतःकरण आणि जीव यांच्यानंतर ‘मेओद’ हा शब्द येतो. आपण त्याचा अर्थ शक्ती किंवा बळ असा घेतो. जुन्या यहूदी आचार्यांनी त्याचा अर्थ धन, मालमत्ता असाही लावला. म्हणजे देवावर प्रीती करायची ती खिशासकट. देवावरची प्रीती ही आतली, मनातली बाब आणि शेजाऱ्यावरची प्रीती ही बाहेरची, पैशांची बाब, अशी वाटणी आपण सोयीने करतो. मूळ वचनात ती नाही.

आता लेवीयाकडे. खरे सांगायचे तर हे पुस्तक आपण वाचायचे टाळतो. बळींचे नियम, कुष्ठाच्या तपासणीचे नियम, खाण्याचे नियम. वर्षभरात बायबल वाचून काढण्याचा संकल्प करणारे अनेक जण इथेच थांबतात. पण एकोणिसावा अध्याय उघडा आणि शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा कोणत्या शेजारात राहते ते पाहा.

अध्यायात शेताची गोष्ट आहे. कापणी करताना शेताच्या कडा सोडायच्या, खाली पडलेली कणसे वेचायची नाहीत, द्राक्षमळा दुसऱ्यांदा झाडायचा नाही. ते गरिबाचे आणि परदेशीयाचे आहे. इथे भिक्षा नाही. शेतमालकाने हात पुढे करून द्यायचे नाही, फक्त स्वतःचा हात आवरायचा. गरीब येतो, आपल्या हाताने वेचतो, घरी नेतो. त्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. मग मजुरीची गोष्ट येते : मोलकऱ्याची मजुरी रात्रभर आपल्याजवळ, सकाळपर्यंत ठेवायची नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितले आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या पैशांकडे लागलेले असते. मग बहिऱ्याला शिव्या देऊ नये आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, त्याचा गैरफायदा घेऊ नये. मग न्यायनिवाडा येतो. त्यातही गंमत पाहा : मोठ्याची भीड धरू नये हे आपल्याला अपेक्षित असते, पण गरिबाचीही बाजू केवळ तो गरीब आहे म्हणून घेऊ नये, असे तिथे म्हटले आहे. आणि या सगळ्यानंतर, अठराव्या वचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. ती तिथेही संपत नाही. चौतिसाव्या वचनात तेच शब्द परदेशीयाविषयी पुन्हा येतात, आणि अध्यायाच्या शेवटी तराजू, वजने आणि मापे खरी असावीत, असे सांगितले आहे.

दर दोन-चार आज्ञांनंतर या अध्यायात परमेश्वर आपण कोण आहोत याची आठवण करून देतो. शेताच्या कडा आणि परमेश्वर. मजुरी आणि परमेश्वर. तराजू आणि परमेश्वर. येशूने ज्या दोन आज्ञा एकत्र बांधल्या, त्यांची शिवण इथेच घातलेली होती.

हा अध्याय मी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर संध्याकाळच्या अभ्यासात घेतला होता. बसलेल्यांपैकी निम्मे लोक बाप्तिस्मा घेतलेले नाहीत. ते येतात, ऐकतात, प्रश्न विचारतात. मजुरीचे वचन वाचून झाले तेव्हा एक बाई म्हणाली, “सकाळपर्यंत ठेवायची नाही? आमची तर जेठ महिन्यापर्यंत ठेवतात.” कोणी हसले नाही.

ती काय म्हणत होती हे शहरातल्या वाचकांना कळावे म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आमच्या भागात जमीन थोडी, उताराची. नागली, वरई आणि भात होतो तो पावसाच्या भरवशावर. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात आणि नवे पीक हाती यायला वेळ असतो. आजारपण, लग्न, घराचे कौल, सगळ्यांना पैसा लागतो. अशा वेळी वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि ‘उचल’ देतो. उचल म्हणजे पुढच्या कामाची आगाऊ रक्कम. दिवाळी झाली की कुटुंब पोरांसकट भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्टीवर जाते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते, पण ती हातात येत नाही. आठवड्याला खाण्यापुरती ‘खर्ची’ मिळते. तीही वहीत मांडली जाते. पावसाच्या तोंडाशी भट्टी बंद होते तेव्हा हिशेब होतो. किती विटा झाल्या, किती पावसाने गेल्या, किती खर्ची झाली, हे सारे मुकादमाच्या वहीत. वाचता येत नाही त्याला ती वही म्हणजे आंधळ्याच्या वाटेतला दगडच. हिशेबाअंती काही सुटले तर सुटले. नाही तर बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर जावे लागते.

सगळे भट्टीमालक असे नसतात. हिशेब चोख ठेवणारे, मुलांना शाळेत पाठवू देणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे लोक आनंदाने जातात. लेवीयाने सांगितले तसे इथेही दोन्ही बाजूंनी खरे बोलले पाहिजे. पण उचल आणि बाकी यांच्या चक्रात माणूस अडकतो हे खरे आहे, आणि आपल्या देशाचा कायदाही ते ओळखतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे बांधून ठेवणारे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. कायदा आहे, तो पाड्यापर्यंत पोहोचवायला माणसे लागतात.

हे मनात ठेवून आता लूककडे जाऊ. तिथेही एक शास्त्री आहे, त्याला दोन्ही आज्ञा येतात. पण त्याला रेघ हवी आहे : माझा शेजारी कोण? म्हणजे कोणापर्यंत प्रीती केली की पुरे? येशू रेघ मारून देत नाही, गोष्ट सांगतो.

यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, अडीचशे मीटरच्या आसपास. मध्ये एका दिवसात चालून होईल एवढेच अंतर. म्हणजे सबंध वाट उजाड डोंगरांतून खाली उतरणारी, वळणावळणाची, लुटारूंना सोयीची. जव्हारचा घाट रात्री उतरलेल्यांना मी जास्त सांगायला नको. जखमी माणूस वाटेत पडला आहे. याजक येतो. याजकाने प्रेताला शिवले तर तो विटाळतो आणि मंदिरातली सेवा करू शकत नाही, म्हणून तो बाजूने गेला असावा, असे आपण त्याच्या बाजूने अनेकदा ऐकतो. पण लूकने एक बारीक शब्द टाकला आहे. याजक त्या वाटेने खाली जात होता. खाली म्हणजे यरुशलेमातून यरीहोकडे. तो उपासनेला चालला नव्हता. मंदिराकडे पाठ करून उतरत होता.

मग शोमरोनी येतो. यहूदी आणि शोमरोनी यांच्यातले वैर जुने होते. शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिर येशूच्या शंभरहून अधिक वर्षे आधी यहूदी राज्यकर्ता योहान हुर्कान याने पाडले होते. एकाच नियमशास्त्राला मानणारे दोन समाज, आणि पाणीसुद्धा एका भांड्यातून प्यायचे नाहीत. गोष्ट संपल्यावर येशू विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडातून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, असे वळसा घालून तो उत्तर देतो.

त्याच पाड्यावर पुढच्या आठवड्यात आम्ही ही गोष्ट घेतली. मी नेहमीप्रमाणे तेल, द्राक्षारस, जखमा बांधणे यांवर बोललो. मग विचारले, शोमरोन्याने केलेल्या गोष्टींपैकी सगळ्यांत मोठी कोणती? तरुण म्हणाले, तो थांबला ती. बायका म्हणाल्या, त्याने रात्रभर जागून काळजी घेतली ती. मागे भिंतीला टेकून बसलेले एक कातकरी बाबा बराच वेळ गप्प होते. ते जे बोलले ते त्यांच्या बोलीत होते, मी इथे आपल्या मराठीत देतो. “त्याने मालकाला पैसे आधी दिले, आणि पुढचा खर्च माझ्या अंगावर, असं सांगितलं. ते मोठं. तसं सांगितलं नसतं तर तो माणूस बरा होऊन त्या उतारशाळेतच राबत बसला असता.”

मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल, किती वेळा त्यावर बोललो असेन! पण उतारशाळेच्या मालकाचा हिशेब कसा वाढत जातो, याचा विचार ज्याने आयुष्य उचलीवर काढले त्यालाच सुचतो. बाबांचे म्हणणे शास्त्राला धरूनही आहे. लुटारूंनी त्या माणसाचे कपडेसुद्धा नेले होते. त्याच्याजवळ एक कवडी नव्हती, आणि बरे व्हायला किती दिवस लागतील ते ठाऊक नव्हते. त्या काळी देणे न देणाऱ्याचे काय होत असे, हे येशूनेच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे : त्याला, त्याच्या बायकोला आणि मुलांना विकायचा हुकूम होतो. शोमरोन्याने दोन दिनार ठेवले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार ही एका दिवसाची मजुरी आहे. दोन दिवसांची मजुरी रोख, आणि त्यावर जे होईल ते परत येताना मी देईन, अशी हमी. त्याने उचल दिली, पण जखमी माणसाला नाही. त्या माणसाच्या वतीने दिली आणि बाकी स्वतःच्या नावावर मांडून घेतली. मग तो निघून गेला. जखमी शुद्धीवर आल्यावर त्याला आपल्या उपकारकर्त्याचे नावही कदाचित कळले नसेल.

म्हणून या अभ्यासात मला जे मांडायचे आहे ते हे : शास्त्रातली शेजाऱ्यावरची प्रीती शेजाऱ्याला आपला देणेकरी करून ठेवत नाही. शेताच्या कडा, वेळेवर दिलेली मजुरी, खरा तराजू, उतारशाळेचे चुकते बिल, या सगळ्यांतून माणूस ताठ मानेने बाहेर पडतो. पौलही रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात कोणाच्या ऋणात राहू नका असे सांगतो, आणि एकच ऋण शिल्लक ठेवतो, एकमेकांवर प्रीती करण्याचे.

इथे मला एका पत्राचा विषय काढायचा आहे. आमच्या कामाला अनेक वर्षे हातभार लावणाऱ्या एका भगिनींनी विचारले होते की आपल्या मदतीतून किती घरे प्रभूकडे आली, आणि जी आली नाहीत त्यांच्यावर खर्च करत राहणे कितपत योग्य आहे. पत्र मायेने लिहिलेले होते आणि असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. विचारला हे बरे झाले.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात. आभार मानायला एकच परत येतो, आणि तोही शोमरोनी. नऊ जण आले नाहीत याची खंत प्रभूने बोलून दाखवली. पण नऊ जणांचे कुष्ठ परत आले, असे लूक लिहीत नाही. दिलेले बरेपण दिलेलेच राहिले. आपण ख्रिस्ताचे नाव लपवत नाही. वसतिगृहातील मुले आम्हांला प्रार्थना करताना पाहतात, कोणी विचारले तर आम्ही उत्तर देतो, आणि कोणी स्वतःच्या मनाने प्रभूच्या मागे आला तर आम्हांला आनंद होतो. परंतु भाताचे पोते आणि बाप्तिस्मा एकाच वहीत मांडायचे नाहीत. आज तांदूळ, उद्या उपासनेला हजेरी, असा हिशेब धरला तर ती मदत राहत नाही, ती उचल होते. आमच्या लोकांना उचल लगेच ओळखता येते. कोणी काही देऊ लागला की ते आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहतात.

याच विषयावर आणखी एक नाव घेतो, थोडे अवघड आहे. डहाणू-तलासरी भागात पूर्वी ‘लग्नगडी’ असत. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने त्याच्या शेतावर आणि घरी राबायचे. ते फिटत नसे. १९४५ साली वारली लोकांनी वेठीविरुद्ध आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध उठाव केला. त्यांच्यासोबत पाड्यापाड्यांतून हिंडल्या त्या गोदावरी परुळेकर, किसान सभेच्या कार्यकर्त्या, कम्युनिस्ट. त्या काळाविषयीच्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या मंडळ्यांत हे नाव घेतले की काहींच्या भुवया उंचावतात. पण त्या वाटेवर कोण थांबले, असे प्रभूने आपल्याला विचारले तर आपणही ‘ज्याने दया केली तो’ असे वळसा घेऊनच उत्तर देणार का? शोमरोन्याची गोष्ट नेमकी अशा ठिकाणी बोचली पाहिजे. आपण ती ऐकताना नेहमी स्वतःला शोमरोन्याच्या जागी बसवतो, हे मला फार दिवस खटकते आहे.

मग कोणी म्हणेल, दुसरी आज्ञाच पुरेशी आहे, पहिलीचे काय काम? समाजसेवा करणारे देवाचे नाव न घेताही करतात. करतात, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तरी येशूने क्रम बदलला नाही. पहिली ती पहिली. का, ते मला पुस्तकांपेक्षा कामातून जास्त कळले. आमच्याकडे मदत करणाऱ्याला लोक ‘मायबाप’ म्हणतात. ऐकायला गोड वाटते. दहा वर्षे ऐकल्यावर माणसाला ते खरे वाटू लागते. मग तो आभारांची वाट पाहतो, आपले ऐकले नाही की रुसतो, आणि शेवटी मुकादमासारखा बोलू लागतो. परमेश्वर एकच आहे, या वाक्याने पहिल्या आज्ञेची सुरुवात होते. त्याचा एक अर्थ, मी नाही. ही आठवण रोज सकाळी झाली तरच शेजारी हा शेजारी राहतो, आपले कूळ होत नाही. आणि योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात उलट बाजूनेही दार लावून घेतो : दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर ती करता येत नाही.

या दोन्ही गोष्टी एका अंगणात कशा नांदतात याचे आपल्या मराठी मंडळीतले उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचे केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार मुलींना तिथे आणले. मुक्ती मिशनमध्ये तासन्‌तास प्रार्थना चालत, हे आपण आवर्जून सांगतो. तिथे तेलाचा घाणा होता, हातमाग होते, छापखाना होता, हे सांगायचे मात्र बऱ्याचदा राहून जाते. मुलींना हाताला काम शिकवले जाई, कारण आयुष्यभर कोणाच्या दयेवर राहायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

घरगुती प्रार्थनासभांसाठी काही सूचना देतो. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय एकाने मोठ्याने, न थांबता वाचावा. सात-आठ मिनिटे लागतील. मग आपापल्या घराकडे पाहावे. धुणेभांडी करणाऱ्या ताईंचा पगार कोणत्या तारखेला दिला जातो, आणि आपण मे महिन्यात गावी जातो तेव्हा त्यांचा पगार कापतो का? आठवडा बाजारात मोह, करवंदे किंवा रानभाजी घेऊन बसलेल्या बाईशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देतो, असे का? आपल्या मंडळीचे नवे सभागृह किंवा आपल्या सोसायटीची भिंत उभी राहते तेव्हा विटा कुठल्या भट्टीवरून आल्या, तिथे मुले काम करतात का, मजुरी कशी दिली जाते, हे ठेकेदाराला कोणी विचारले आहे का? एका बांधकाम समितीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पुढच्या बैठकीला मात्र एक वडील स्वतः भट्टीवर जाऊन आले होते, आणि मुकादमाची वही पाहून आले होते. त्यानंतर त्यांनी विटांचा दर थोडा जास्त द्यायचे ठरवले. अट एवढीच की मजुरांचा हिशेब महिन्याच्या महिन्याला, त्यांच्यातल्या लिहिता-वाचता येणाऱ्या एकासमोर व्हावा.

आम्ही इकडे काय करतो तेही कळवतो. उचल घेताना ती किती, कशासाठी, हजारामागे दर किती, हे कुटुंबाने स्वतःच्या वहीतही लिहून ठेवावे, म्हणून पाड्यावरच्या मुलामुलींना आम्ही हिशेबाची वही कशी मांडायची ते शिकवतो. आईबाप भट्टीवर गेले तरी मुले गावातच राहून शाळेत जावीत यासाठी वसतिगृहात जागा ठेवतो. मूल कोणत्या घरचे, कोणता देव मानणारे, हे प्रवेशाच्या वेळी विचारत नाही. पावसाळ्यात धान्य कमी पडते तेव्हा धान्य बँकेतून भात आणि नागली देतो. ती पीक आल्यावर जेवढी नेली तेवढीच परत घेतो, वर एक शेरही नाही. परतफेड का घेता, फुकटच द्या, असे काही जण सुचवतात. पाड्यावरच्या लोकांनाच आम्ही हे विचारले होते. त्यांनी परतफेड ठेवायला सांगितले, आणि मापही स्वतःच धरायचे ठरवले. माप आता एका वयस्क वारली बाईंकडे असते. त्या ते काठोकाठ भरतात आणि वरून हात फिरवून सारखे करतात, देतानाही आणि घेतानाही.

पुढील अंकात रूथचे पुस्तक घेणार आहोत. बवाजाच्या शेतात लेवीय १९ पाळले जाताना दिसते, म्हणून त्याचा दुसरा अध्याय सर्वांनी आधी वाचून ठेवावा.

ख्रिस्तात आपला बंधू